सभात्याग नेमका कोणाच्या पारड्यात पडतो?

निवडणूक जाहीर झाली की आपल्या मोहल्ल्यांत एकच चर्चा सुरू होते. कोणता पक्ष आपला, कोणता परका, कोण उघडपणे विरोधात आहे आणि कोण तोंडावर गोड बोलून मागून घात करतो. जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या दावतीत, सगळीकडे हाच विषय. पुरावेही ठरलेले: इफ्तार पार्टीतला फोटो, एखाद्या नेत्याचा व्हायरल व्हिडिओ, चौकात लावलेला ईदच्या शुभेच्छांचा फलक. संसदेत मतदानाची घंटा वाजली तेव्हा त्या पक्षाचे खासदार कुठे होते, हे मात्र फार थोडे लोक विचारतात.

मुसलमानांच्या नागरी हक्कांशी थेट संबंध असलेले तीन मोठे कायदे संसदेने अलीकडच्या काळात केले. जुलै २०१९ मध्ये तिहेरी तलाकचा, त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व सुधारणेचा आणि एप्रिल २०२५ मध्ये वक्फ सुधारणेचा. भारतीय जनता पक्षाची या तिन्ही कायद्यांमागची विचारधारा सर्वांना माहीत आहे. त्या पक्षाने ती कधी लपवलेलीही नाही. काँग्रेस, डावे पक्ष, द्रमुक विरोधात होते, तेही माहीत आहे. पण या दोघांच्या मधे जे पक्ष बसतात, त्यांनी काय केले हे पाहिल्याशिवाय हे कायदे कसे झाले ते कळत नाही.

शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की विधेयक बहुमताने मंजूर होते. मुले लिहून घेतात, परीक्षेत लिहितात, एक गुण मिळतो. पण बहुमत कोणाचे? संविधानाच्या अनुच्छेद १०० मध्ये उत्तर आहे: हजर असलेल्या आणि मत देणाऱ्या सदस्यांचे. सभागृहाच्या एकूण सदस्यांचे बहुमत साध्या विधेयकाला लागत नाही. साठ मुलांचा वर्ग धरा. सगळे बसले असतील तर ठराव पास व्हायला एकतीस हात वर लागतात. वीस मुले "आमचा या ठरावाला विरोध आहे" असे ओरडून वर्गाबाहेर निघून गेली, तर एकवीस हातांत काम होते. बाहेर गेलेल्या वीस जणांनी विरोध केला की मदत केली? घोषणा ऐकल्या तर विरोध. हिशेब केला तर मदत.

हा हिशेब ३० जुलै २०१९ रोजी राज्यसभेत जसाच्या तसा घडला.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो प्रकरणात तीन विरुद्ध दोन अशा निकालाने एका बैठकीतला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. त्यानंतर सरकारने कायदा आणला आणि असा तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली. लोकसभेत अडचण नव्हती, राज्यसभेत बहुमत नव्हते. विधेयक अडकले, तीनदा अध्यादेश काढावे लागले. २०१९ च्या निवडणुकीनंतर २५ जुलैला लोकसभेने ते ३०३ विरुद्ध ८२ मतांनी पुन्हा मंजूर केले आणि ते राज्यसभेत आले. तेव्हाही सत्ताधारी आघाडीकडे तिथे स्वतःचे बहुमत नव्हतेच.

आता आकडे पाहा. बाजूने ९९, विरोधात ८४. म्हणजे २४५ सदस्यांच्या सभागृहात फक्त १८३ मते पडली. काही जागा रिकाम्या होत्या हे धरले तरी पन्नासाहून जास्त सदस्यांनी मतच दिले नाही. संयुक्त जनता दल, म्हणजे नितीशकुमारांचा पक्ष, विरोधाचे भाषण करून बाहेर गेला. त्यांचे ६ सदस्य होते. अण्णाद्रमुकने विरोधात भाषण केले आणि सभात्याग केला. त्यांचे ११. दोघे मिळून १७, आणि दोन्ही बाजूंमधले अंतर १५. हे १७ जण आत बसून विरोधाचे बटण दाबते, तर ९९ विरुद्ध १०१ झाले असते. बसप, तेलंगणा राष्ट्र समिती आणि तेलुगू देसम हेही मतदानाला नव्हते. बिजू जनता दलाने सरळ बाजूने मत दिले. आपल्या महाराष्ट्रातले म्हणाल, तर राष्ट्रवादीचे शरद पवार आणि प्रफुल्ल पटेल हे दोन्ही ज्येष्ठ नेते त्या दिवशी अनुपस्थित होते. काँग्रेसचेही काही सदस्य गैरहजर होते. विधेयक प्रवर समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी त्याआधीच ८४ विरुद्ध १०० अशी फेटाळली गेली होती.

अण्णाद्रमुकची गोष्ट तर शाळेत शिकवावी अशी आहे. लोकसभेत त्यांच्या एकुलत्या एका खासदाराने २५ जुलैला याच विधेयकाला पाठिंबा दिला. पाच दिवसांनी राज्यसभेत त्याच पक्षाने विरोध केला. मधल्या काळात विधेयकातला मजकूर बदलला नव्हता. फक्त ५ ऑगस्टला तमिळनाडूतल्या वेल्लोर लोकसभा मतदारसंघात मतदान होणार होते, आणि तिथे वाणियमबाडी, आंबूर अशा भागांत मुस्लिम मतदार मोठ्या संख्येने आहेत. दिल्लीत सरकार नाराज होऊ नये, वेल्लोरमध्ये मतदार नाराज होऊ नये. दोन्ही साधायचे तर सभात्यागासारखी सोय नाही.

या विधेयकाबद्दल आमचे मत विचाराल तर एका दमात तीन तलाक देऊन बाईला घराबाहेर काढणे हे आम्हाला कधीच पटलेले नाही, आणि त्याला दीनचा आधार आहे असे सांगणारेही पटलेले नाहीत. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला होता. दलवाईंच्या इतर अनेक विचारांशी समाजातल्या बहुतेकांचे जुळले नाही, आमचेही सगळे जुळत नाही, पण त्या सात जणींचे दुःख खरे होते. २०१९ चा वाद मात्र वेगळा होता. न्यायालयाने जो तलाक शून्य ठरवला, त्यासाठी नवऱ्याला तुरुंगात का टाकायचे? तो तुरुंगात गेल्यावर बायको-मुलांचा खर्च कोण देणार? यावर आपल्या महिला संघटनांतही दोन मते होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन तिहेरी तलाकविरुद्ध न्यायालयात गेले आणि त्यांना कायदा हवा होता. बेबाक कलेक्टिव्हनेही तिहेरी तलाकला विरोधच केला, पण तुरुंगवासाची तरतूद त्यांना मान्य नव्हती. विचारांचे हे मतभेद प्रामाणिक म्हणता येतात. बाहेर निघून गेलेल्यांचे तसे म्हणता येईल का?

विचारधारेवर कोण टिकून राहिले हे पाहायचे तर थोडे मागे, १९८६ मध्ये जावे लागते. शाहबानो निकालानंतर राजीव गांधी सरकारने मुस्लिम महिलांच्या पोटगीचा कायदा केला. तेव्हा मोठ्या मुस्लिम संघटना आनंदात होत्या, भाजप विरोधात होता आणि डावे पक्षही विरोधात होते. काँग्रेसमधून आरिफ मोहम्मद खान यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेहतीस वर्षांनी काँग्रेसची जागा बदलली, सरकारची जागा बदलली, पण डाव्यांनी पुन्हा विरोधातच मत दिले. दोन्ही वेळा कारणे वेगळी होती, पण दोन्ही वेळा ते सभागृहात बसून होते. डाव्यांची मते आपल्याकडे फारशी कोणाला नको असतात, हा भाग वेगळा.

कोणी म्हणेल, खासदाराने पक्षाचा आदेश मोडून मनाप्रमाणे मत द्यावे की! ते आता सोपे राहिलेले नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, दहावी अनुसूची आली. व्हिप असताना उलट मत दिले किंवा मत दिलेच नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. पैसे घेऊन पक्ष बदलणाऱ्यांना लगाम बसावा म्हणून हा कायदा झाला. तो लगाम किती बसला ते महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिलेच आहे. पण विवेकाने मत देणाऱ्याचे तोंड मात्र बंद झाले.

जिथे असा व्हिप नसतो तिथे मतदान कसे दिसते, ते समजण्यासाठी अमेरिकेचे एक उदाहरण घेऊ. काळ्या नागरिकांना हॉटेलात, शाळेत, नोकरीत समान वागणूक मिळावी म्हणून तिथे १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन डेमोक्रॅट, विधेयक त्यांचे. ते अडवून धरले ते त्यांच्याच पक्षाच्या दक्षिणेकडच्या सिनेटरांनी, भाषणांवर भाषणे करून, साठ कामकाजाचे दिवस. अखेर विरोधी रिपब्लिकन पक्षाचे नेते एव्हरेट डर्कसन यांनी आपली माणसे उभी केली तेव्हा कोंडी फुटली. सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मते पडली. त्या २७ मध्ये २१ डेमोक्रॅट होते आणि फक्त ६ रिपब्लिकन. प्रत्येक सिनेटरचे मत नावानिशी नोंदले गेले. कोण कुठे उभा होता हे त्याच्या मतदाराला कळले, नातवंडांनाही कळले. आपल्याकडे खासदाराच्या नावाला अर्थ राहत नाही, पक्षाच्या आदेशाला राहतो. म्हणून जाब विचारायचा तर पक्षालाच विचारायला हवा.

नागरिकत्व सुधारणा विधेयकाच्या वेळी आपल्या राज्यातल्या एका पक्षाची कसोटी लागली. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवसेनेने काँग्रेस आणि राष्ट्रवादीसोबत सरकार बनवले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत हे विधेयक लोकसभेत आले. ९ डिसेंबरच्या मध्यरात्री ते ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झाले, आणि त्या ३११ मध्ये शिवसेना होती. ११ डिसेंबरला राज्यसभेत शिवसेनेने सभात्याग केला. दोन दिवसांत पक्षाची भूमिका 'होय' वरून 'बाहेर' इथपर्यंत आली. 'नाही' पर्यंत पोहोचली नाही. मित्रपक्षांचा दबाव होता, जुन्या मतदाराची भीती होती, दोन्ही समजण्यासारखे आहे. त्या वेळी मुंबईत आणि मराठवाड्यात आपल्या लोकांनी नव्या सरकारवर मोठी आशा ठेवली होती, म्हणून ते जास्त लागले.

राज्यसभेत बाजूने १२५ मते पडली. त्यात संयुक्त जनता दल, बिजू जनता दल, अण्णाद्रमुक, वायएसआर काँग्रेस आणि अकाली दल होते. अकाली दलाने तर मुसलमानांनाही यात घ्या असे सांगत सांगत मत दिले ते बाजूनेच. अण्णाद्रमुकने २०२१ च्या जाहीरनाम्यात हा कायदा मागे घेण्यासाठी केंद्राला आग्रह करू, असे वचन दिले. ज्या कायद्याला आपणच मत दिले तो मागे घेण्याचे वचन! जदयूत प्रशांत किशोर आणि पवन वर्मा यांनी पक्षाच्या भूमिकेला उघड विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये दोघांनाही पक्षातून काढण्यात आले.

वक्फच्या वेळी चित्र बदलले होते, आणि हाच भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. २०२४ च्या निवडणुकीत भाजपच्या जागा २४० वर आल्या. बहुमताला २७२ लागतात. म्हणजे आता लोकसभेतही भाजप एकट्याने कायदा करू शकत नव्हता. विधेयक ८ ऑगस्ट २०२४ रोजी मांडले गेले तेव्हा तेलुगू देसमसारख्या मित्रपक्षाने ते समितीकडे पाठवायला हरकत नसल्याचे सांगितले, आणि जगदंबिका पाल यांच्या अध्यक्षतेखाली ३१ सदस्यांची संयुक्त संसदीय समिती बसली. महाराष्ट्रातून त्यात अरविंद सावंत, नरेश म्हस्के, मेधा कुलकर्णी, सुरेश म्हात्रे होते. समितीत सत्ताधारी बाजूच्या १४ दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या आणि विरोधकांच्या सगळ्या बहुमताने फेटाळल्या गेल्या.

मतदान २ एप्रिल २०२५ ची रात्र उलटून गेल्यावर झाले. बाजूने २८८, विरोधात २३२. आता तेलुगू देसमचे १६, जदयूचे १२, शिंदे यांच्या शिवसेनेचे ७ आणि चिराग पासवान यांच्या पक्षाचे ५ खासदार धरा. झाले ४०. कागदावरचा हिशेब असा की हे ४० सभात्याग करून गेले असते, तरी २४८ विरुद्ध २३२ मतांनी विधेयक मंजूरच झाले असते. तेच ४० विरोधात बसले असते तर २४८ विरुद्ध २७२, म्हणजे नामंजूर. सभात्याग आणि विरोध यांत किती फरक आहे, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही. राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ झाले. तिथे बिजू जनता दलाने आधी विरोध जाहीर केला आणि ऐन वेळी सदस्यांना विवेकाने मत द्यायला मोकळे सोडले. विवेक आठवायला त्यांना बरोबर तोच दिवस सापडला.

न्यायाने सांगायचे तर मित्रपक्षांनी काहीच केले नाही, असे नाही. 'वापरातून वक्फ' झालेल्या ज्या मिळकती कायदा येण्याआधी नोंदल्या गेल्या आहेत त्या वक्फच राहतील, मात्र वाद असलेल्या किंवा सरकारी म्हटल्या गेलेल्या जागा त्यातून वगळून, हा बदल मित्रपक्षांच्या मागणीनंतर झाला. सरकारी जमिनीच्या वादाची चौकशी कलेक्टरऐवजी त्याहून वरच्या अधिकाऱ्याने करावी, हाही तसाच. म्हणजे आत बसून, पाठिंब्याच्या बदल्यात, त्यांनी दोन-तीन गोष्टी मिळवल्या. त्या पुरेशा होत्या का? पाच वर्षे इस्लामचे पालन करीत असल्याचे दाखवू शकेल त्यालाच वक्फ करता येईल, ही अट राहिली. वक्फ बोर्डात बिगर-मुस्लिम सदस्यांची तरतूद राहिली. १५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने पाच वर्षांची अट नियम बनेपर्यंत थांबवली, राज्य बोर्डाच्या ११ पैकी ३ आणि केंद्रीय परिषदेच्या २२ पैकी ४ याहून जास्त बिगर-मुस्लिम सदस्य नकोत असे सांगितले, आणि अधिकाऱ्याच्या चौकशीवरून मिळकतीचा हक्क ठरवायला मनाई केली. पण पुढे 'वापरातून वक्फ' ही संकल्पनाच काढून टाकण्याला मात्र स्थगिती दिली नाही. मराठवाड्यातल्या इनामी जमिनी, कोकणातली वाडीवाडीतली कब्रस्ताने, यातल्या कितीतरी जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत आणि कागद मात्र धड नाही. वडीलधाऱ्यांना दफन करायला आपण ज्या जागेत जातो तिचा सात-बारा कोणी पाहिला आहे? मित्रपक्षांनी या मुद्द्यावर अडून बसायला हवे होते. २४० जागांच्या सरकारला त्यांचे ऐकावे लागले असते.

संसदेत निदान मतांची नोंद तरी होते. आवाजी मतदानात तीही राहत नाही. उत्तराखंडचे समान नागरी संहितेचे विधेयक फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या विधानसभेत आवाजी मतदानानेच मंजूर झाले. 'होय' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, संपले.

आणि काही कायदे मतदानापर्यंत येतच नाहीत. आपल्या मुलांच्या प्रवेशाशी संबंध असलेले उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते, आणि पुढेही २०१४ पर्यंत होते. मुस्लिमांमधल्या मागास गटांना शिक्षण आणि नोकरीत ५ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला तो जुलै २०१४ मध्ये, विधानसभा निवडणुकीला तीन महिने असताना. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातले मुस्लिम आरक्षण चालू राहू दिले. म्हणजे न्यायालयाने दार उघडे ठेवले होते. नव्या भाजप सरकारने मराठा आरक्षणाचा कायदा केला आणि मुस्लिम आरक्षणाचा अध्यादेश आपोआप संपू दिला. त्यांच्या विचारधारेला ते धरूनच होते. पण नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ अशी अडीच वर्षे महाविकास आघाडीचे सरकार होते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या सरकारच्या एका मंत्र्याने शिक्षणात ५ टक्के आरक्षणाचा कायदा करू असे सभागृहात सांगितले, आणि थोड्याच दिवसांत मुख्यमंत्र्यांनी असा काही निर्णय झालेला नाही असे सांगितले. विधेयक त्या अडीच वर्षांत आले नाही. त्यामुळे कोण बाजूने होते आणि कोण विरोधात, याची एकही नोंद कुठे नाही. दहावीनंतर अकरावीच्या प्रवेशाला रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मुलींना त्या भाषणाचा काहीच उपयोग झाला नाही.

मोहल्ल्यात उमेदवार येईल, तेव्हा त्याला विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. वक्फ विधेयकावर तुमच्या पक्षाने व्हिप काढला होता का, आणि कोणत्या बाजूने? सभात्याग केला असेल तर आत बसून विरोध का केला नाही? शिक्षणातल्या आरक्षणाचे विधेयक तुमचा पक्ष मांडणार का, की फक्त मागणी करणार? लोकसभा आणि राज्यसभा आपापल्या कामकाजाचे वृत्तांत प्रसिद्ध करतात. मतविभागणी झाली असेल तर 'होय' आणि 'नाही' म्हणणाऱ्यांची नावे त्यात मिळतात, घरात मोबाइल वापरणारे कोणतेही पोर ती शोधून देईल. आपल्या खासदाराचे नाव दोन्ही याद्यांत सापडले नाही, तर त्याला पहिला प्रश्न तोच विचारावा.